पायाकडची बाई

लाळेनं पुसते आहे मी मरियेचा गाल.
हसू नका. चारशे वर्षांची काजळी
इतक्या हळुवारपणे दुसरं काहीच उतरवत नाही.
काडीला कापूस गुंडाळायचा, जिभेवर टेकवायचा,
मग नखाएवढ्या जागेवर गोल गोल, गोल गोल.
आई लेकराचं तोंड पुसते तसं.
फक्त इथं लेकरू मी, आणि आई दाराएवढी.

फेब्रुवारी. ओसोलाच्या या खोऱ्यात
ऊन अकराला येतं आणि दोनला डोंगराआड जातं.
तेवढ्यात रंग काय म्हणतात ते ऐकून घ्यायचं.
बाकी वेळ दिवा, स्वेटरवर स्वेटर,
आणि देवळाच्या किल्ल्या सांभाळणारा गाउदेन्झिओ:
तासातासाला कॉफी आणतो
आणि देऊन जात मात्र नाही.

चित्रात सगळे आहेत, आपापल्या जागी.
योहानाचे हात आभाळाकडे.
निकदेम पाठमोरा, त्याला तोंड दाखवायचं नाही.
मग्दालियेचे केस सुटलेले, हंबरडा एवढा मोठा
की आतली दाढ दिसते.
काल पुसताना सापडली. किडलेली आहे.
मरियेचा निळा झगा राखाडी पडलाय,
चांगला निळा परवडला नसणार.
हिशेबाच्या वहीत चित्रकाराचं नावसुद्धा नाही:
‘रंगाऱ्याला सोळा लिरा, रायची दोन पोती.
मेलेला होऊन निजला त्या नावाड्याला
नऊ दिवस सूप.’

मेलेल्याला उजवं पाऊल नाही.
घोट्याखाली नुसतं लाकूड, गारगोटीसारखं गुळगुळीत.
बाळंतपणाआधी बायका,
खाणीत उतरण्याआधी पुरुष,
ओठ टेकवून टेकवून त्यांनी ते नेलं,
प्रत्येकानं चिमूटभर.
बिशपच्या कचेरीतून पत्र आलंय:
पाऊल नव्यानं रंगवून घ्यावे.

सोमवारी, त्या पावलाच्याही पलीकडे,
मेणबत्त्यांच्या धुरात जिथं नुसता काळोख आहे असं वाटत होतं,
तिथं एक कोपर निघालं.
मंगळवारी बाही, वर खोचलेली.
आज ती सगळी.

तेजोवलय नाही. नाव तर नाहीच.
चादरीचं टोक दातांत,
दोन्ही हात गुडघ्यांखाली घातलेले,
मानेची शीर ताठ.
रडत नाहीये.

गाउदेन्झिओ कप घेऊन उभा राहिला,
आणि आयुष्यात पहिल्यांदा, असं मला वाटलं, गप्प बसला.
मग म्हणाला, ‘हिनं उचललाय.’

‘सेकोंदो माझा धाकटा. वर खाणीत दगड सरकला.
त्याला पाठुंगळी घेऊन मी चौकभर पळालो होतो
आदल्याच उन्हाळ्यात, पैजेवर.
त्या दिवशी चौघांना पेलवेना.
पायाकडे मी होतो. पायऱ्या ओल्या.
आई वरून ओरडत होती, रड रे, रड की मेल्या,
आणि माझ्या तोंडात चादरीचं टोक.’

बोटानं त्यानं लोंबता हात दाखवला,
अंगठा आत वळलेला.
‘हे बघितल्याशिवाय सुचत नाही, एर्सिलियाबाई.
तुमच्या रंगाऱ्यानं कुणाला तरी खांदा दिलाय.’

तिच्या कपाळावर एक डाग होता.
मी बोळा ओला केला, जवळ गेले:
वार्निशचा फोड नव्हे. घाम.
एकच थेंब, पांढऱ्याचा इवलासा ठिपका,
भुवईवर अडलेला,
कारण पुसायला हात मोकळा नाही.

बोळा मी खाली ठेवला.

कचेरीला उत्तर लिहीन संध्याकाळी.
पाऊल रंगवता येणार नाही, कारणाच्या रकान्यात
काहीतरी लाकडाबद्दल, ओलीबद्दल.

दोन वाजले. ऊन गेलं.
कॉफी गार झाली होती.
गाउदेन्झिओनं कप तिच्याकडे जरासा पुढं धरला,
घे म्हणावं तसा,
मग ओशाळून स्वतःच पिऊन टाकला.